वरवंडच्या माळावरचं तडस

६ जानेवारी, सोमवार
तडसाला दोन पिल्लं आहेत. बिरदेवनं फोनवर सांगितलं – काल त्यानं स्वतः पाहिली. त्याची मेंढरं वरवंडच्या माळावर चरतात. "आप्पा, जागा तेवढी लिवू नका. तडस पोरं उचलतंय म्हणत्यात लोकं. बिळात धूर घालून मारतील." नाही लिहिणार म्हणालो.
पेपरातल्या माझ्या रविवारच्या शब्दांच्या सदराला हाच शब्द घेतो. तरस की तडस?

८ जानेवारी, बुधवार
शिरूरहून वरवंडला जाऊन आलो. बिरदेवच्या आईला, झुंबरबाईंना, दोन्ही शब्द विचारले. "तरस म्हना न्हाईतर तडस, ते काय हाक मारल्यावर येतंय व्हय?"
त्यांची नात मोनिका शाळेच्या वहीत तरस लिहिते, घरात तडस म्हणते. शब्दकोशात दोन्ही आहेत, जनावर एकच – मागून बसकं, मेलेलं खाऊन माळ साफ ठेवणारं. मेलेलं मेंढरू हे लोक पुरत नाहीत, लांब नेऊन टाकतात. "त्येचं त्येला," झुंबरबाई म्हणाल्या. बरंच बोलल्या. सगळं टिपून घेतलं.

९ जानेवारी
सदर पाठवलं. वेळेच्या अर्धा तास आधी! निष्कर्ष: लिहिताना तरस, कुणाचं बोलणं देताना तडस. चूक कुठलंच नाही.

१२ जानेवारी, रविवार
छापून आलं.

१३ जानेवारी, सोमवार
बिरदेवचा फोन. "सकाळधरनं फोटू काढणाऱ्यांच्या सहा गाड्या आल्या, आप्पा. सरळ बिळापाशी! कुणी सांगितलं?"
मी नाही, म्हणालो. ठामपणे.
मग अंक उघडला. वापराचं उदाहरण म्हणून झुंबरबाईंचं वाक्य जसंच्या तसं – 'जुन्या मुरमाच्या खाणीमागं तडस हाय, तिकडं कोकरू सोडू नगं.' खाली त्यांचं नाव, गाव.
बातमी असती तर जागा गाळली असती. उदाहरण होतं, म्हणून नजरेतून सुटलं. तीस वर्षं इतरांच्या मजकुरातून असल्या ओळी काढत आलो.
परत फोन करून सांगितलं. मागून झुंबरबाई – "पेपरवाल्यास्नी गप बसायचं शिकवत न्हाईत वाटतं!"

१४ जानेवारी
संक्रांतीची सुट्टी. गाड्या वाढल्या. एकानं ड्रोन उडवला. वनखात्याला कळवलं. माणूस पाठवतो म्हणाले.

१५ जानेवारी, बुधवार
दुपारी वनरक्षक आला, गाड्या हटवल्या. बीळ रिकामं. "तोंडात धरून न्हेली तिनं पिल्लं," बिरदेव म्हणाला. "पावलं खाली उसाकडं गेल्यात." माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी, शुक्रवार
पिल्लं माळाखालच्या शेतकऱ्याच्या, भिमाजींच्या, उसात आहेत. बिरदेवनं आज पाहिली, दोन्ही. भिमाजींना मीच फोन केला. त्यांची ऊसतोड सोमवारी. "टोळी मोठ्या मुश्किलीनं मिळालीय, आता थांबवता येत न्हाई. पेटवून तोडायचा का हिरवा, ते मुकादम ठरवंल." मुकादमाचा फोन बंद.
सोमवारी टोळी सात वाजता उतरते. वनरक्षक दहाला येतो म्हणाला.