एकोणीसशे मीटर पाणी

ता. गंगापूर
दि. ९ ऑक्टोबर २०२५

चि. ज्ञानेश्वरीस,
मुंजाबा याचे अनेक आशीर्वाद. येथे सर्व क्षेम असून तुझे क्षेम इच्छितो.

पत्रास कारण की, तुझे वडील चि. भारत याने कळविले, तू सोळा नोव्हेंबरास नाशिककडील एका धरणात एकोणीसशे मीटर पोहणार, मग नव्वद किलोमीटर सायकल चालविणार व नंतर एकवीस किलोमीटर धावणार. ही तीन दिवसांची कामे असावीत असे मी समजलो. एकाच दिवशी, साडेआठ तासांत, असे त्याने दोनदा सांगितले तेव्हा पटले. फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून लिहून विचारतो. पाणी किती खोल आहे? पोहणाऱ्याच्या कमरेस दोर बांधतात काय? तुझी आजी विचारते की एवढे करणाऱ्या पोरीला खायला कोण घालतं.

ही विचारपूस भीतीपोटी नाही. ज्या घरातील माणसाने पुरात गोदावरी पोहून पार केली, त्या घरातील मुलीविषयी भीती बाळगणे शोभत नाही. गावातही मी तसेच सांगितले आहे.

पत्र कडुबाच्या जीपने पाठवीत आहे. उत्तर त्याच्याच हाती द्यावे. लोभ आहेच, तो तुझ्या अक्षरांनी वाढावा.

तुझा आजोबा,
मुंजाबा

बजाजनगर, वाळूज
दि. २६ ऑक्टोबर २०२५

ती. आबा आणि आजी यांच्या पायांवर डोकं ठेवून ज्ञानेश्वरीचा नमस्कार.

तुमचं पत्र कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वाचलं. शेजारच्या सोनियाला वाटलं की मला कोर्टाची नोटीस आली. आजीला सांगा, सायकलवर बसूनच केळी, खजूर आणि मिठाचं पाणी घ्यायचं असतं. ती म्हणेल की हा तर एकादशीचा फराळ झाला.

कमरेला दोर नसतो. होड्या असतात, त्यांत शिट्टीवाली माणसं असतात. खोली किती ते मी विचारलेलं नाही. सायकल जमतेय, शिफ्टच्या बसगाड्या सुरू व्हायच्या आत पहाटेच जाऊन येते. पळणंही जमतंय. पाण्याचं मात्र लिहायला हात धजत नाही.

काल पोहणं शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला कायगावजवळ धरणाच्या फुगवट्यात नेलं. तरणतलावात तळाच्या फरशीवर काळी रेघ असते, ती बघत मी दोन किलोमीटर पोहलेय. इथं डोकं पाण्यात घातलं आणि खाली काहीच नव्हतं. हिरवं, मग काळं. माझाच हात कोपराच्या पुढं दिसेना. पन्नासेक हात मारले असतील, तेवढ्यात छाती आवळली. श्वास आत जाईना की बाहेर येईना. मी ओरडले. होडीतल्या माणसानं दंड धरून वर ओढलं, तोवर मी त्याचा शर्ट फाडला होता. काठावर सगळे बघत होते. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

आबा, तेव्हा तुम्ही आठवलात. लाल पूर, होडी नाही, काही नाही, एकटे तुम्ही. आणि मी तळ्यासारख्या थंड पडलेल्या पाण्यात किंचाळत होते. लहानपणापासून ती गोष्ट ऐकली म्हणूनच मी फॉर्म भरला. वाटायचं, ते रक्तात असेल. माझ्यात ते नाही. पाच तारखेपर्यंत नाव मागं घेता येतं, घेते. तुम्ही गावात सांगून बसलात, तुमची मान खाली जाईल, त्याची माफी मागते. पप्पांना कळवू नका.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची,
ज्ञानेश्वरी

ता. गंगापूर
दि. २९ ऑक्टोबर २०२५

चि. ज्ञानेश्वरीस,
मुंजाबा याचे आशीर्वाद.

तुझे पत्र तीन वेळा वाचले. आजीस वाचून दाखविताना फुगवट्याचा मजकूर गाळला. आता ती शेतात गेली आहे, म्हणून हे लिहितो. माझे शिक्षण इयत्ता चौथी. खोटे लिहू नये एवढे तेवढ्यात शिकविले होते. लिहिले कधी नव्हते, बोललो मात्र पुष्कळ. मागील पत्रात ते लिहिलेही गेले.

मी गोदावरी पोहून पार केलेली नाही. मला पोहता येत नाही.

सन १९६८ च्या भाद्रपदात आपली मेंढरे पलीकडच्या काठावर होती. त्यांच्याजवळ माझे वडील एकटे, तापाने पडलेले. पाणी चढत होते. पलीकडच्या गावातील एक म्हैस अलीकडे चरावयास आली होती, ती सायंकाळी आपल्या गोठ्याकडे निघाली. मी तिचे शेपूट दोन्ही हातांनी धरले व डोळे मिटले. मध्यावर पायाखाली काही नव्हते. नाकातोंडात पाणी गेले. छाती आवळली, तू लिहितेस अगदी तशीच. देवाचे नाव सुचले नाही. आईस हाक मारीत होतो, असे वाटते. धोतर ओलेच होते म्हणून आणखी एक गोष्ट झाकली गेली, ती येथे लिहीत नाही.

पलीकडे लोकांनी विचारले, कसा आलास. मी म्हणालो की पोहून. म्हैस तोवर निघून गेली होती. पुढे त्याच गावातील एका गृहस्थांनी माझी कीर्ती ऐकून आपली मुलगी मला दिली. ती तुझी आजी. त्यानंतर खरे सांगण्यास तोंड उरले नाही.

तेव्हा जे तुझ्यात नाही असे तू म्हणतेस, ते माझ्यातही नव्हते. नाव ठेवावे की मागे घ्यावे, हे मी सांगणार नाही. मागे घेतलेस तर मला झोप लागेल, हे लपवीत नाही. ठेवलेस तर एवढे विचारून घ्यावे की होडी धरण्याची नियमात मुभा आहे काय. असल्यास धरावी. त्यात कमीपणा मानू नये.

हे पत्र वाचून फाडून टाकावे. माझ्याविषयी जेवढी माया उरली असेल तेवढी असू द्यावी.

मुंजाबा

बजाजनगर, वाळूज
दि. १८ नोव्हेंबर २०२५

ती. आबांना ज्ञानेश्वरीचा साष्टांग नमस्कार. आजीलाही.

पत्र फाडलं नाही, माफ करा. सरांना विचारलं. होडी धरता येते, फक्त ती धरून पुढं जायचं नाही. दम घ्यायचा आणि सोडायची. पाच तारीख आली तेव्हा मी फोन हातात घेऊन बसले होते, आणि नाव तसंच राहू दिलं.

सोळाला पाण्यात उतरायच्या आधी मी दोनदा ओकले. शिट्टी झाली, सगळे धावले, मी सगळ्यात मागून गेले. तिसऱ्याच मिनिटाला कुणाची तरी टाच पोहायच्या चष्म्यावर बसली, आत पाणी शिरलं आणि खाली तेच काळं. छाती आवळली. मी होडी धरली. होडीतल्या बाईंनी नाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाल्या की श्वास घ्यायचं राहू दे, आधी चूल फुंकतात तसा सोड. मी फुंकत राहिले. मग होडी सोडली. पुढं आणखी दोनदा धरली.

सगळे म्हणायचे की एकदा पाण्यात शिरलं की भीती जाते. माझी गेली नाही, आबा. शेवटच्या शंभर मीटरलाही तेवढीच होती. एक तास दहा मिनिटांची मुदत होती, मी एक तास सात मिनिटांनी बाहेर आले, तेही गुडघ्यांवर.

सायकलवर दोनदा रडू आलं, का ते कळलं नाही. पळायचं म्हणाल तर शेवटचे सहा किलोमीटर चालतच गेले. एकूण आठ तास एकवीस मिनिटं. माझ्या मागं तिघं होते. पायाची दोन नखं काळी पडलीत आणि जिना पाठमोरी होऊन उतरावा लागतोय, सोनिया लई हसते.

आजीला सगळं वाचून दाखवा, तुमचं तेवढं गाळून. दोघांचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
ज्ञानेश्वरी

ता. गंगापूर
दि. २१ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानेश्वरीस,
मुंजाबा व सुगंधाबाई यांचे अनेक आशीर्वाद.

सोळा तारखेस सकाळी सहापासून मी ओट्यावर बसून होतो. चहा घेतला नाही. तुझ्या आजीने दोनदा विचारले की पोटात दुखतं काय. सायंकाळी भारतचा फोन तिने घेतला व येऊन सांगितले की पोरगी धड हाय. मला लगेच उठता आले नाही. पाय बधिर झाले होते.

काल तुझे पत्र वाचून दाखविले. गाळूनच वाचणार होतो. परंतु तू होडी धरलीस म्हटल्यावर तिने विचारले की पोरीला ही अक्कल कुणी दिली. तेव्हा मी शेपटाचे सांगून टाकले. मान वर केली नाही.

ती भाकरी थापीत होती, थांबली नाही. म्हणाली की म्हैस आमचीच व्हती. त्या सायंकाळी म्हैस घरी न्यावयास ती काठावर आली होती. तिचे म्हणणे असे की, म्हैस पाण्याबाहेर आली, चिखल तुडवून बाभळीपर्यंत गेली, तरी मी शेपूट सोडीना व डोळे उघडीना. पुढे सोयरीक निघाली तेव्हा तिच्या वडिलांस शंका आली होती की एवढ्या पुरात कोणी पोहू शकेल काय. मला पोहताना आपण डोळ्यांनी पाहिले, असे तिनेच त्यांस सांगितले.

मी विचारले, माहीत असता असे का सांगितलेस. ती म्हणाली की एवढं भ्यालेला गडी बापासाठी पाण्यात शिरला, तसला दुसरा कुठं भेटला असता.

तिने भाकरी वाढली, मी जेवलो.

नखांस खोबरेल तेल लावावे. आम्हा दोघांवर माया ठेवावी.

तुझा आजोबा,
मुंजाबा