तळ्याकाठची दिवड

ता. ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तळ्याचा काठ बांधायचं काम अखेर माझ्याकडे आलं. बायको म्हणते, इंजिनीअरसाहेबांच्या टोपीला घर अपुरं पडतंय. पण बाबांनी डोकं उठवलंय. रखवालदारी सुटून सहा वर्षं झाली, तरी रोज तळ्यावर हजर! काठाच्या बिळांत दिवडींनी अंडी घातलीत, महिनाभर थांब म्हणतात. मजूर दिसेल ती दिवड फावड्यानं ठेचतात, ते त्यांना बघवत नाही. सापांसाठी काम थांबवलं तर लोक मला वेड्यात काढतील. तू समजाव, तुझंच ऐकतात.

कान धरायचा तुझा हक्क अबाधित ठेवून,
धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

समजावायचं तर तुलाच. दिवड चावरी खरी, पण विषारी नाही. लहानपणी तुला चावली तेव्हा आता मरणार म्हणून सगळ्या गोट्या माझ्या नावावर केल्या होत्यास! बाबांनी नुसती साबणानं जखम धुतली. ती पाण्यात बेडूक, मासे धरते, लव्हाळ्यात पडून राहते. आपण होऊन कुणाच्या वाटेला जात नाही. वरिष्ठांकडे महिना मागून बघ. नाही म्हणाले तर नाही. पण मागितलास, एवढं बाबांना दिसू दे.

रागावूनही माया कमी न झालेली,
ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा तुझ्याकडे पोचल्याचं भावजींकडून कळलं. तू लिहीत नाहीस, म्हणून मीच सांगतो. महिना मी मागितला नाही. पाहणीच्या दिवशी बाबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि दिवड हातात धरली. ती कडकडून चावली. रक्ताळलेला हात वर करून ते सांगत होते, बघा, काही होत नाही. सगळे हसले. साहेबांनी विचारलं, हा म्हातारा कोण? मी म्हणालो, असेल कुणीतरी तळ्यावरचा. बाबा चार हातांवर होते.

भिंत झाली. बिळं बुजली. घरात मला करमत नाही. त्यांना परत पाठव.

तुझा,
धाकटा

ता. १० एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र त्यांना दोनदा वाचून दाखवलं. हात बरा आहे. परत जायचं विचारलं, तर म्हणाले, तिथे मला ओळखणारं कोण आहे?

त्यांचे कपडे आणि औषधं पाठवून दे. लोभ असावा असं लिहायला आज हात वळत नाही.

ताई