दाबलं न गेलेलं बटण

शनिवार, १० मे. अ‍ॅमस्टेलव्हीन.

हुश्श! रेवती रागावलेली नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये मुख्य पंच म्हणून लेकीची आज पहिली मॅच. मॅचचं घड्याळ सांभाळायला बसणाऱ्या बाई आजारी, म्हणून मला बसवलं. "आई, मी हात गोल फिरवला की घड्याळ सुरू. बाकी काही नाही."

मॅच संपत आली होती. गुणांनी पुढे असलेल्या संघाने फाउल केला, पण त्याच वेळी समोरच्यांचा पासही कोणी न झेलता जमिनीवर पडला. पास पडला की पुढचा चेंडू खेळात येईपर्यंत घड्याळ थांबलेलंच राहतं, मध्ये पेनल्टी झाली तरी. हे तिनेच मला पोळ्या लाटताना शिकवलेलं. आणि तिचा हात फिरला! माझा अंगठा बटणावर, पण दाबवेना. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांपुढे कधी ब्र काढला नाही, मग आज हे कुठून आलं?

वेळ लवकर संपावी म्हणून पुढे असलेल्यांचा कोच ओरडला, "क्लॉक! क्लॉक!" रेवती धावत आली.

"आई, काय झालं?"

"अगं, पास पडला होता ना?"

ती थबकली. मग वळून तिने सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, "चूक माझी." पहिल्याच दिवशी पोरीला चारचौघांत असं...

परत येताना ट्राममध्ये तिने बूट सैल केले. मग म्हणाली, "नियमाने तू माझी खूण पाळायला हवी होतीस."

"हो गं, चुकलंच."

"पण पुढच्या शनिवारी तूच बस."

आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. पंचाचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घामाने ओला होता. मी उतरेपर्यंत हलले नाही.