ताप बसला म्हणजे

अहेरीजवळून,
८ नोव्हेंबर

प्रिय आई,
सप्रेम जय भीम.

प्रफुल भाऊ, हे पत्र आईला सावकाश वाचून दाखव. मधल्या ओळी गाळू नकोस. तिला कळतं.

आई, जवसाच्या चटणीचा डबा बसनं नीट पोहोचला. शेजारच्या सुकरीबाईंना वाटीभर दिली. सप्टेंबरात तू इथं आली होतीस तेव्हा तुम्ही दोघी रोज संध्याकाळी अंगणात बसायच्यात. त्या माडियात बोलायच्या, तू आपल्या बोलीत. काय कळत होतं तुम्हाला, कोण जाणे! पण त्या अजून विचारतात, "तुई माय कधी येते?"

माझं काम छान चाललंय. दिवसभर रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघते. तू गल्लीत सगळ्यांना सांगतेस ना, "माही पोरगी रक्त वाचते," तेच.

डब्यात चटणीसोबत गोळ्यांची पुडी निघाली. मी फोन केला, तर तू म्हणालीस, "माहा ताप तं बसला. उरल्या त्या तुले धाडल्या. तू जंगलात राह्यतं, तुले कामी पडतीन." सुकरीबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "मायनं खाऊ पाठवला वो!" मीही हसले. मग खोलीत जाऊन पुडीतल्या गोळ्या मोजल्या.

फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते. तू "ताप बसला" म्हणतेस ना, ते अगदी खरं आहे. बसला. गेला नाही.

मच्छर चावला की हिवतापाचे जंतू आधी यकृतात जातात आणि तिथल्या पेशींत शिरतात. पेशी म्हणजे एवढीशी खोली समज. चोर आत शिरला की ती खोली त्याच्या कपड्याची चिंधी दाराबाहेर टांगते. आपल्या रक्तातले पहारेकरी चिंधी ओळखतात आणि चोरासकट खोलीच पाडून टाकतात. एका खोलीचं नुकसान होतं, पण घर वाचतं. मात्र तुला झालेल्या तापातले काही जंतू आत जाऊन नुसते झोपतात. ना चूल पेटवतात, ना कपडे वाळत घालतात. दाराबाहेर काही दिसतच नाही, म्हणून पहारेकरी पुढं निघून जातात. कधीतरी ते झोपलेले जंतू जागे होतात, रक्तात उतरतात, आणि पुन्हा थंडी वाजते.

पहिल्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातले मेले. झोपलेल्यांसाठी होत्या त्या चौदा दिवसांच्या. त्याच तू मला धाडल्यास.

प्रफुल, आता थांबू नको. वाच.

आई, मला माहीत आहे. शाळेत खिचडी शिजवताना तू पुन्हा चुलीसमोर कुडकुडत होतीस. प्रफुलनं सांगितलं. "आईनं शपथ घातली का तुले सांगाचं नाई, नाईतर तू नोकरी सोडून येशीन." त्याला रागावू नकोस. तुझ्या दाराबाहेर चिंधी टांगणारा तो एकटाच आहे.

तू स्वतःचा चष्मा घेणं वर्षानुवर्षं पुढं ढकललंस आणि मला पुस्तकं घेऊन दिलीस. आपल्या घरात पदवी पहिल्यांदा आली ती अशी. इथं काचेवर जंतू दिसला की मी मनात म्हणते, हे डोळे माझ्या आईचे आहेत. उपकार म्हटलेलं तुला आवडत नाही. मग दुसरा शब्द तूच सांग.

पत्र मिळेल त्याच दिवशी प्रफुलसोबत दवाखान्यात जा. या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत, म्हणून आधी रक्ताची एक चाचणी होईल. मग डॉक्टर नव्यानं सुरू करतील. बरं वाटलं तरी शेवटची गोळी तूच खायची. शनिवारी मी येते. नोकरी सोडून नाही, रजा काढून. गोळ्या संपेपर्यंत खिचडीचं मोठं पातेलं उचलायला दुसरं कोणी बघ.

आणि मला "मी बरी आहो" म्हणू नकोस. दुखलं तर दुखलं म्हण. माझ्यासाठी आजवर इतकं केलंस, एवढं आणखी कर.

तुझ्या जिवावर शिकलेली,
आणि त्याच जिवाला जपायचा हक्क मागणारी,
तुझी नूतन