जावईबापूंची भेटप्रत

बुधवार, दुपार

जावईबापूंना सासऱ्याचा नमस्कार.

इकडे सारे ठीक. हवा बदलते आहे, छातीला जपा.

तुमचा नोकर सकाळी येऊन निरोप सांगून गेला. "साहेब म्हणाले, संध्याकाळी पाहुणे यायच्या आत पुस्तक आणि बाईसाहेब, दोन्ही पोचली पाहिजेत." आधी पुस्तक, मग बाईसाहेब. बिचाऱ्याने ऐकलं त्याच क्रमाने सांगितलं असणार. त्या दोन्हींबद्दलच लिहायला बसलो आहे. तोंडाने मला धड बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाच्या बोलणीतही तुम्हीच बोलत होतात.

तुम्ही ते पुडकं घेऊन आलात, त्या सकाळी मी रोजच्यासारखं देवाचं नाव घेतलं, शेगडी पेटवली, सरस पातळ करायला ठेवला आणि खिडकीशी बसून तुमच्याच पुस्तकाचे फर्मे शिवायला घेतले. 'गाडीवानाचा खटला व त्याची कबुली', लिहिणार कोर्टाचे लेखनिक, म्हणजे आमचे जावई. त्याच्या कबुलीचं पान मी शिवत होतो. धान्याच्या व्यापाऱ्याचा गळा कसा दाबला, ते त्याने 'कोणाचाही धाक नसताना, स्वखुशीने' सांगितलं, असं तुम्ही लिहिलं आहे. वाक्य चांगलं आहे. मी ते वाचून मान हलवली होती.

तुम्ही नाकाला रुमाल लावून आत आलात आणि पुडकं माझ्या फळीवर टाकलंत.

"सासरेबुवा, मोठ्या न्यायाधीश साहेबांना द्यायची प्रत यात बांधा."

"वासराचं कातडं का?"

"गाडीवानाचं."

मला समजायला वेळ लागला. तुम्ही हसलात. "फाशी गेलेल्याचं प्रेत कायद्यानं डॉक्टरांकडेच जातं. कापाकापी झाल्यावर मी एवढं मागून घेतलं, कमावूनही घेतलं. जन्मात शाळेची पायरी चढला नाही गडी, आता एकदम पुस्तकात बसेल!" मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "असा चेहरा पाडून बसू नका. साहेब खूश झाले तर तुमची लेक पालखीतून फिरेल."

मी पुन्हा सुई हातात घेतली. जावयापुढे सासऱ्याने मान खाली घालायची, हे मला शिकवावं लागलं नाही. तुम्ही गेल्यावर पुडकं उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि हात धुतले. उघडलं नाही. तुम्हीही ते कधी उघडून पाहिलं नाही, जावईबापू. पाहायला हवं होतं.

त्याच आठवड्यात ठकी राहायला आली. दंडाला फडकं बांधलेलं. विचारलं तर म्हणाली, "शेगडीवर भाजलं, बाबा." आई नसलेली पोर, मी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, भाजलं म्हणाली, मी लोणी आणून दिलं. परत कधी जायचं ते ती काढत नव्हती. मला वाटलं, बरं आहे, घरात दोन शब्द बोलायला कोणी आलं.

आणि परवा सोमवारी ती म्हातारी आली.

तुम्ही तिला रोज पाहता. कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मुलाचं प्रेत मागणारी, गाडीवानाची आई. तुमच्या कचेरीतल्या कोणीतरी तिला म्हटलं, "म्हातारे, इथे काय बसलीस? बांधणीवाल्याकडे जा, तुझा पोरगा आता पुस्तक होतोय." आणि सगळे हसले म्हणे. ती ते खरं धरून विचारत विचारत माझ्या दारात आली.

"माझा मुलगा इथे आहे म्हणतात."

खोटं बोलायला जीभ उचलू गेलो, ती उचलली नाही. पुडकं काढलं. तिच्यासमोर पहिल्यांदा उलगडलं.

ती रडली नाही. बाजारात कापड बघतात तसं बोटांनी चाचपत गेली. एका जागी थांबली. "ही बैलाच्या शिंगाची खूण. लहान होता. दोन दिवस मला सांगितलंच नाही, बैलाला मार बसेल म्हणून." मग हात खांद्याच्या बाजूला गेला. "हे नव्हतं. हे काय हो? फुलं आहेत."

फुलंच होती. ओळीने. पाच पाकळ्यांची, त्यातली एक पाकळी आखूड.

जावईबापू, तुमच्या टेबलावरचा, लाखेवर उठवायचा पितळी ठसा मी माझ्या हाताने कोरला आहे. लग्नात तुम्हाला देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काय होतं? शेवटच्या पाकळीवर कानस घसरली. मी नवा करायला निघालो तर ठकी म्हणाली, "राहू द्या बाबा, खऱ्या फुलालाही एखादी पाकळी छोटी असते." तापवलेल्या पितळेचे ठसे कातड्यावर उठवणं हा माझा रोजचा धंदा. हे ठसे मेलेल्या कातड्यावरचे नव्हते. कडेने ते सुजले होते, एक चिघळून अर्धवट भरत आला होता. पाठीवर, म्हणजे कोर्टात सदऱ्याखाली झाकलेले.

म्हातारीला बसायला सांगून मी आत गेलो. ठकी तांदूळ निवडत होती. मी तिचा हात धरून फडकं सोडायला लागलो.

"बाबा, सांगितलं ना. शेगडी."

"शेगडीला पाकळ्या नसतात, ठकी."

तिने हात सोडवून घेतला नाही. खाली बघत बोलली, जणू शेजारच्या घरातलं सांगते आहे. "रागावत नाहीत ते. दिव्यावर ठसा धरतात आणि पाकिटावर लावतात तसा सावकाश लावतात. तो गाडीवान किती वेळ गप्प राहिला ते मला सांगत होते. म्हणाले, तू त्याच्याहून लवकर ओरडतेस."

निघताना तिने तो ठसा तुमच्या टेबलावरून उचलून कपड्यांत लपवून आणला होता. का आणला, तिला सांगता येईना. म्हणाली, "निदान घरात नसेल."

मी बाहेर आलो. कातडं गुंडाळून म्हातारीच्या हातात दिलं. म्हटलं, "आजी, घेऊन जा. मातीत ठेव. जावयाला काय सांगायचं ते मी बघतो." तिने ते लेकरासारखं छातीशी धरलं, दारापर्यंत गेली, आणि परत फिरली.

"ही फुलं कोणाची, तुला माहीत आहे. तुझं तोंड सांगतंय."

मी सगळं सांगितलं. लेकीचंही सांगितलं. म्हातारी उंबऱ्यावरून पुन्हा आत आली.

"मग पुरून कसं चालेल? मातीला काय वाचता येतं? ज्यांना येतं त्यांना वाचू दे." पुडकं पुन्हा फळीवर ठेवलं. "बांध तू. पण नीट बांध. सुरकुती पडू देऊ नकोस. काम झालं की मला परत दे."

मी बांधलं. आयुष्यभर पोथ्या बांधल्या, भजनांच्या वह्या बांधल्या, असं हात लावण्याआधी देवाची परवानगी कधी मागितली नव्हती. त्याने दिली की नाही, मला कळलं नाही. म्हातारी दोन्ही दिवस समोर बसून होती. मी कातडं ताणलं की तिचे ओठ घट्ट मिटायचे. कडा तासायला लागलो तेव्हा म्हणाली, "हळू." मग स्वतःच म्हणाली, "नाही, कर." सोनं लावलं नाही, नाव उठवलं नाही. पुढच्या पुठ्ठ्याच्या बरोबर मधोमध एक फूल येईल असं कातडं बसवलं. ते तुमच्या हातचं आहे. माझा हात मी त्याला लावलेला नाही.

आज तुमचा नोकर गेल्यावर आम्ही तिघं निघालो. कोर्ट भरायचं होतं, मोठे साहेब आपल्या खोलीत एकटेच होते. मी म्हटलं, "लेखनिकांकडून साहेबांना भेटप्रत." त्यांचा चेहरा खुलला. तुमच्या पुस्तकाबद्दल त्यांनी ऐकलं होतं, बांधणी काही खास आहे एवढंही. चष्मा चढवून त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "मऊ आहे की!" म्हणाले. मग बोट फुलाच्या खळग्यात अडकलं.

"हे काय? नक्षी?"

ठकीने बाही वर केली आणि ठसा टेबलावर, पुस्तकाशेजारी ठेवला.

साहेबांनी ठसा उचलून पुठ्ठ्यावरच्या फुलात बसवला. बसला. त्यांनी ठकीच्या दंडाकडे पाहिलं, तिथे बसवून बघायचं धाडस त्यांना झालं नाही. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या लेकीने, जी माझ्यासमोरही मान वर करून बोलली नव्हती, तुमचं नाव पूर्ण घेतलं. कातडं गाडीवानाचं आणि ही त्याची आई, हे मी सांगितलं. म्हातारी एवढंच बोलली: "साहेब, तुम्ही वाचलंत ना? मग माझं मला परत द्या." ज्या हाताने फाशीवर सही केली होती तो हात साहेब रुमालाने पुसत राहिले. मग दार लावून घ्यायला सांगितलं आणि शिपायाला हाक मारली.

पुढे ते काय करतील, मला माहीत नाही. स्वतःची सही चुकली असं म्हणणारा न्यायाधीश मी अजून पाहिलेला नाही. कदाचित पुस्तक कपाटात जाईल आणि आम्हीच आत जाऊ. त्या म्हाताऱ्या साहेबांना हातात काय धरलं आहे ते न सांगता मी धरायला लावलं, हा क्रूरपणा माझ्याही नावावर लिहिला गेला. तो मी देवासमोर भोगीन.

ठकी म्हातारीसोबत तिथेच बसली आहे, साहेबांच्या दारात. जबानी झाल्याशिवाय आणि ते पुस्तक हातात पडल्याशिवाय दोघी उठणार नाहीत. मी तुम्हाला कळवायला तेवढा दुकानात आलो. पत्र देऊन परत तिकडेच जातो. शेजारच्या जमिनीत खड्डा खणून ठेवला आहे.

टेबलावर ठसा शोधू नका. पाहुण्यांना निरोप पाठवा. तुम्ही मागितलेली दोन्ही, पुस्तक आणि बायको, वेळेच्या आधी पोचती केली आहेत. पत्ता तेवढा मी बदलला.

आजवर पत्राखाली 'तुमचा सासरा' असं लिहीत आलो. आज तेवढं खोडतो.

ठकीचा बाप