न उगवणारी चवळी (फक्त काकांनी वाचणे)

बोम्मसंद्रा, बंगळूर
शनिवार

तीर्थस्वरूप उपेंद्रकाकांना अवधूतचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहितो लिहितो म्हणत गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीचा फराळही डब्याच्या तळाला गेला असेल, पण मी काही पेनचं टोपण काढलं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? कस्तुरीमावशी बरी आहे ना? (तिची चौकशी केली म्हणून पत्र तिला दाखवू नका. मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. फोन केला असता, पण तुमचा फोन मावशी उचलते, तोही स्पीकरवर, आणि मग शेजारच्या यल्लव्वा अक्काही मध्येच मला लग्नाचं विचारतात.)

माझं इथं झकास चाललंय असं मावशी निपाणीभर सांगते. गोव्यात टिकलो नाही, हुबळीत टिकलो नाही, त्या मानानं झकासच. आमच्या कंपनीत शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाच्या पेट्या भरतात. पेटीत भिंग, लोहचुंबक, लिटमस कागद, आणि बी कसं रुजतं ते बघायला पुडीभर चवळी. मी शाळाशाळांतून जाऊन प्रयोग करून दाखवतो. (दहावीचं विज्ञान मला दोनदा शिकायला मिळालं, त्यामुळे पाया पक्का आहे.) चवळी मावशीच्या बचत गटाची, आणि चवळीच्या ओळखीवर लागलेला मी. तर काका, ती चवळी उगवत नाही. एकाही शाळेत नाही. मुलं ओल्या कापसावर डोळे लावून बसतात, ती नुसती फुगते, बुरशी धरते आणि वास मारते. आमच्या मालकीणबाई, अक्षरा मॅडम, म्हणाल्या, सोमवारपर्यंत कारण सांग, नाहीतर चवळीही दुसरी बघू आणि दाखवणाराही.

तेव्हापासून माझा कुणावर विश्वास राहिलेला नाही. पहिला संशय प्रणीतवर. हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, पुण्याचा आहे, आणि चवळीकडे बघून गालात हसतो. एक दिवस मी त्याच्या पाठोपाठ मारतहळ्ळीपर्यंत गेलो. (तिथं एक जण रंगवलेली कोंबडीची पिल्लं विकत होता. गुलाबी, हिरवी. ती बघत राहिलो आणि प्रणीत हातचा गेला.) दुसऱ्या दिवशी त्यानंच मला विचारलं, "काय रे, माझ्या मागे का फिरतोस? रूम शोधतोयस का?" आणि आपल्या खोलीत एक खाट रिकामी आहे म्हणाला. एवढा चांगुलपणा माणूस उगाच दाखवतो का? संशय दुप्पट झाला.

मग येलहंक्याची शाळा. तिथल्या वीणा टीचरनी पेट्या कपाटात ठेवून कुलूप घातलेलं. पोरांनी हात लावला तर खराब होतात म्हणे, तपासणीला नव्याकोऱ्या दिसायला पाहिजेत. कापसावरची चवळीही आतच. मला वाटलं, सापडलं, अंधारानं मारली. धावत येऊन मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अवधूत, मातीत काय ट्यूबलाइट असते का?" हे मला दोन्ही दहाव्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी संशय टँकरच्या पाण्यावर धरला. खालच्या मंजुनाथच्या दुकानातली मूठभर चवळी आणून त्याच पाण्यात, त्याच कापसावर ठेवली. परवा बघतो तर सगळ्यांना मोड. (मंजुनाथ म्हणाला, आता स्वल्प कांदा घालून उसळ करा. केली. चांगली झाली.) म्हणजे पाणी निर्दोष सुटलं. उरला निपाणीहून पोतं आणणारा ट्रकवाला. त्यानंच वाटेत पोतं बदललं, असं मी सोमवारी मॅडमना ठासून सांगणार आहे.

गुडघ्याला जपा. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
अवधूत

ता. क. ट्रकवाल्याचं मनावर घेऊ नका. पोत्याची शिवण मावशीच्या हातची आहे आणि कुणी उसवलेली नाही. खरं काम वेगळंच आहे. विचार करता करता पोत्यातले चार दाणे तोंडात टाकले, तर ते कुरकुरीत लागले. घरच्या कडधान्याला कीड लागू नये म्हणून मावशी ते कढईत परतून मगच डब्यात भरते. तिनं मायेपोटी कंपनीचं पोतंही परतलं असेल का? तुम्ही जेवताना सहज विचारल्यासारखं विचारा. माझं नाव नको. तसं असेल तर पुढची कच्ची पाठवायला लावा. ट्रकवाल्याला मी सोमवारी बघून घेतो, पण गटाच्या बायकांचं हे एकच मोठं गिऱ्हाईक आहे, ते जायला नको.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात वॉचमन आप्पाजी सांगत आले, निपाणीच्या एक बाई चवळीचं नवं पोतं घेऊन आल्यात. काका, मावशी आलीय. तुम्ही तिला बसमध्ये बसवलीतच कशी? ती थेट मॅडमच्या केबिनमध्ये शिरलीय आणि कढईत उलथनं कसं फिरवायचं ते हातवारे करून दाखवतेय. काचेतून सगळं दिसतंय. मॅडम डोकं धरून बसल्यात. आता मावशीनं पोतं उसवून मूठभर चवळी त्यांच्या हातावर ठेवलीय, आणि त्या चावून बघतायत. थांबा. मॅडमनी परत हात पुढे केलाय.