रंगाआधी डोळे

आप्पा, या वयात मी पुन्हा शिकायला लागले आहे. विशेष शिक्षणाचं बी.एड. करते. म्हणजे ज्या मुलांना तुम्ही ‘डोक्यानं कमी’ म्हणायचात, त्यांना हायस्कुलात कसं शिकवायचं, ते शिकते. तुम्ही असता तर हसला असता. ‘आपल्या घरात एक हाय ती पुरे नाय काय?’ असंच म्हणाला असता, आणि ती ‘एक’, आपली ताई, तिथेच बसून ते ऐकत असती.

सध्या सराव पाठांसाठी रोज पेणहून एसटीनं रोह्याला जाते. नववीत एक मुलगी आहे, तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. वडील धाटावला कंपनीत आहेत. आई पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “मॅडम, हिच्यावर कशाला येळ घालवता? बसूं द्या नुसती. घरी पन बसूनच असते.” मला राग यायला हवा होता, पण आला नाही. ती बाई दमलेली होती. तुम्ही दमलेले नव्हतात, आप्पा. तुम्हाला लाज वाटायची.

कॉलेजात मॅडमनी एक पद्धत शिकवली. आधी मुलाच्या हातावर आपला हात ठेवायचा, मग फक्त मनगट धरायचं, मग कोपर, आणि शेवटी नुसतं शेजारी बसायचं. सगळ्या जणी भराभर लिहून घेत होत्या, मी पेन खाली ठेवलं. हे मी लहानपणापासून बघत आले होते. आपल्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शिकायला कुणीही नवखा येवो, तुम्ही त्याच्या मागे बसायचात, त्याचा ब्रशाचा हात आपल्या हातात घ्यायचात. “भिऊ नको, हात सैल सोड. मी धरलाय.” मग मनगट, मग कोपर. तुमचा हात कधी निघून गेला ते त्याला कळायचंही नाही. त्याच्याकडून रेघ चुकली तर तुम्ही हसायचात, पांढऱ्या रंगाचा एक हात मारायचात, आणि म्हणायचात, “हां, काढ परत.”

डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अंगाचा रंग, पितांबर, दागिने, सगळं वाळलं की मग डोळे. ताईनं एका दुपारी नुसत्या पांढऱ्या मूर्तीला डोळे काढले. एक मोठा, एक बारका. काय आनंद झाला होता तिला! आणि तुम्ही सगळ्या कारागिरांसमोर ओरडलात, “रंगाआधी डोळे? देवाचं काम हाय, खेळ नाय!” पांढऱ्याचा एक हात पुरला असता, आप्पा. तो तिच्या वाट्याला आला नाही. ब्रश वरच्या फळीवर गेला आणि त्या दिवसापासून गिऱ्हाईक आलं की, “जा गो, आत बस.” आत म्हणजे जिथे मूर्ती बांधायचा पेंढा ठेवलेला असायचा तिथे. पुढे पुढे दारात गाडी थांबली की ती आपणहून उठून आत जायला लागली. ‘शहाणी झाली आता,’ असं तुम्ही कौतुकानं सांगायचात. ते कौतुक आठवलं की आजही माझं अंग जळतं.

परवा माझा परीक्षेचा पाठ झाला. त्या मुलीनं नावाचं पहिलं अक्षर माझ्या हाताशिवाय काढलं. मॅडमनी विचारलं, “इतका अलगद हात काढून घ्यायला कुठे शिकलात?” मी म्हटलं, सरावानं. तुमचं नाव घेतलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या हाताखाली तयार झालेले कितीतरी जण आज स्वतःचे कारखाने चालवतात, तुमच्या फोटोला हार घालतात. दिव्याखाली अंधार होता तो फक्त आम्हाला दिसला.

काल रविवार. चुलतभावाकडून एक लहानशी पांढरी मूर्ती मागून आणली आणि ताईच्या हातात ब्रश दिला. तिचे केस पिकलेत आता. मागे बसून तिचा हात हातात घेतला. म्हटलं, “भिऊ नको, मी धरलाय.” ब्रश टेकणार, एवढ्यात बाहेर टेंपो थांबला. तिनं ब्रश खाली ठेवला आणि उठून आतल्या खोलीकडे निघाली.

“ताई, कुठे चाललीस गो?”

“गिऱ्हाईक आलाय. आप्पा वरडतील.”

“आप्पा नाहीत आता. बस तू.”

ती बसली नाही. दाराकडे बघत उभी राहिली. मूर्ती अजून तशीच आहे, बिनडोळ्यांची, आणि हा कागद मी तिच्याच खाली सारून ठेवणार आहे. तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी पाठवला नसता, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू नये असं वाटतं. टेंपो थांबला तेव्हा दाराकडे मीही पाहिलं होतं, आप्पा. आणि माझा हात तिच्या हातावरून आधीच निघाला होता.